लिंक पाठवण्यापूर्वी

बडोद्यात मानसशास्त्राच्या एम. ए.साठी मी मराठी कुटुंबांतील ज्येष्ठांच्या एकटेपणावर ऑनलाइन प्रश्नावली तयार केली, तेव्हा लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की अर्धे काम झाले, असे मी समजत होते. साठेक प्रतिसाद आले. पण ‘सहमत’ आणि ‘पूर्णपणे सहमत’ हे पर्याय जवळपास कोणीच निवडलेले नव्हते. दांडिया बाजारात मावशीच्या शेजारी बसून तिच्याच फोनवर प्रश्नावली भरून घेतली, तेव्हा कारण उमगले. पाच पर्यायांची आडवी ओळ पडद्यावर मावत नव्हती आणि ‘तटस्थ’च्या पुढचे दोन्ही पर्याय बोटाने सरकवल्याशिवाय दिसत नव्हते. “अगं, मला वाटलं तीनच आहेत,” मावशी म्हणाली. सगळे प्रतिसाद बाद करावे लागले. वेळ काढून उत्तरे देणाऱ्यांचे श्रम माझ्यामुळे वाया गेले, याचे आजही वाईट वाटते.

म्हणून नव्या विद्यार्थ्यांना मी पहिली पाच माणसे समोर बसवायला लावते. त्यांनी प्रश्न मोठ्याने वाचावा, मनात येईल ते बोलावे आणि विद्यार्थ्याने मध्ये न बोलता टिपून घ्यावे. आपल्याकडे घरी मराठी बोलणारी, पण गुजराती माध्यमात शिकलेली पुष्कळ मंडळी देवनागरी सावकाश वाचतात. जास्त वेळ लागला म्हणजे लक्ष नव्हते, असे मानून प्रतिसाद गाळले, तर नेमकी हीच माणसे अभ्यासातून गळतात. प्रतिक्रियाकाळ, म्हणजे उत्तर द्यायला लागणारा वेळ, मोजतानाही, रंगाचे नाव भलत्याच रंगाच्या शाईत छापून शाईचा रंग विचारणाऱ्या स्ट्रूपच्या १९३५च्या प्रयोगाप्रमाणे, एकाच व्यक्तीच्या दोन परिस्थितींतील वेळांची तुलना करावी, कारण तिच्या फोनचा विलंब दोन्हीकडे साधारण सारखाच असतो.

सर्वाधिक काळजी मात्र नैराश्याच्या प्रश्नांची घ्यावी. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या मापनीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. समोर बसलेल्या व्यक्तीने त्याला ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर दिले, तर आपण तिथल्या तिथे तिच्याशी बोलू शकतो. ऑनलाइन तेच उत्तर पंधरा दिवसांनी तक्त्यात दिसते, आणि प्रतिसाद निनावी असेल तर त्या व्यक्तीपर्यंत पोहोचण्याचा मार्गच उरत नाही. उत्तरे रोज कोण पाहणार आणि काय करणार, हे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडे अर्ज करण्यापूर्वी ठरवावे. ते जमणार नसेल, तर तो प्रश्न वगळलेली पीएचक्यू-८ वापरावी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक पानावर द्यावा, कारण ज्याला प्रश्न सोसत नाहीत तो मधूनच बाहेर पडतो आणि शेवटचे पान त्याला दिसतच नाही.