पोळ्याच्या माळेतून ट्रोपोनिन कसा समजून घ्यावा

लातुरात मी अकरावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. स्नायू आखडायला काय लागतं विचारलं की अख्खा वर्ग ओरडतो, "कॅल्शियम!" आणि ते करतं काय? "सर, ते ओढतं." ओढत नाही हो. ते फक्त कडी काढायला लावतं, दार ढकलणारा वेगळाच असतो. ती कडी म्हणजे ट्रोपोनिन, स्नायूतलं एक प्रथिन. फळ्यावर हे पटत नाही, म्हणून हे हातानं करून बघा.

सामान घरचंच आहे: पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतात त्या माळेतले सात मोठे मणी, जाड नाडी, टिकल्यांचं पाकीट, भुईमुगाचं एक टरफल, ज्वारीचे चार दाणे, बारीक तार, कपडे वाळत घालायचे दोन-तीन चिमटे.

आधी मणी दोऱ्यात ओवून पाटावर दोन खिळ्यांमध्ये ताणा. हे ॲक्टिन, स्नायूच्या बारीक तंतूतलं प्रथिन. प्रत्येक मण्यावर वरच्या बाजूला टिकली लावा. मायोसिन म्हणजे ॲक्टिनला ओढणारं प्रथिन, त्याचं डोकं इथंच चिकटतं. खऱ्या तंतूत अशा दोन सरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, पण पहिल्यांदा एकच सर घ्या. पीळ दाखवायच्या नादात मुद्दा हातातून जातो.

आता नाडी टिकल्यांवरून अंथरा. हे ट्रोपोमायोसिन, टिकल्या झाकणारं प्रथिन, एक रेणू बरोबर सात मण्यांइतका लांब. नाडी चिकटवू मात्र नका. पहिल्या वर्षी मी गोंद लावला होता. स्नायू कायमचा सैल राहिला आणि वर्ग हसला.

ट्रोपोनिनचे तीन भाग: सी, टी आणि आय. टरफल हा ट्रोपोनिन सी. त्याची कंबर बघा, खऱ्या रेणूलाही असेच दोन फुगीर भाग असतात आणि प्रत्येकात कॅल्शियमच्या दोन जागा. टरफल उघडून एका फुग्यात दोन दाणे कायमचे चिकटवा. त्या जागा बहुधा भरलेल्याच असतात. दुसरा फुगा रिकामा ठेवा. टरफल नाडीला दोऱ्यानं बांधा, तो दोरा ट्रोपोनिन टी. तारेचा एक आकडा टरफलातून काढून मण्यांच्या दोऱ्यात अडकवा, तो ट्रोपोनिन आय. नाडीला टिकल्यांवर धरून ठेवतो तो हाच.

आता संदेश द्या. मज्जातंतूकडून आवेग आला की पेशीतल्या पिशव्यांतून, म्हणजे सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून, कॅल्शियम सुटतं. रिकाम्या फुग्यात दोन दाणे टाका, आकडा मण्यांवरून सोडवून टरफलाला अडकवा आणि नाडी थोडी सरकवा.

थोडीच! टिकली अर्धी दिसली पाहिजे. इथं बहुतेकजण घाई करतात आणि नाडी एकदम बाजूला ओढतात. प्रत्यक्षात कॅल्शियमनं वाट अर्धवटच मोकळी होते. एक चिमटा, म्हणजे मायोसिनचं डोकं, अर्ध्या टिकलीवर बसवा आणि त्याच्याच रेट्यानं नाडी पुढं ढकलू द्या. शेजारच्या टिकल्याही उघड्या पडतील. पहिलं डोकं बसलं की बाकीच्यांना सोपं जातं, ते असं. ओढायचं काम चिमट्याचं, आणि त्याची ताकद एटीपीची, म्हणजे पेशीच्या इंधनाची.

स्नायू सैल करायचा तर क्रम उलटा. दाणे काढा, चिमटे सोडवा, आकडा परत दोऱ्यात घाला. कॅल्शियम पिशवीत परत भरणाऱ्या पंपाला दर दोन कॅल्शियममागे एक एटीपी मोजावा लागतो, आणि चिमटा सुटायलाही नवा एटीपी लागतोच. मेलेलं जनावर ताठ होतं ते एटीपी संपून डोकी जागीच अडकल्यामुळं.

ट्रोपोनिन जपानच्या सेत्सुरो एबाशींनी 1960 च्या दशकात शोधला. छातीत दुखलं की दवाखान्यात ज्या ट्रोपोनिनची रक्तचाचणी होते, तो हृदयाच्या स्नायूतला, याचाच भाऊबंद. तो दाखवायचा असेल तर रिकाम्या फुग्यात दोनऐवजी एकच दाणा टाका. तिथली दुसरी जागा कामाची नसते.