हौशी नाट्यसंस्थेसाठी परवडणारा लाइटिंग डेस्क कसा निवडावा

नाशिकमधील एखादी हौशी संस्था राज्य नाट्य स्पर्धेसाठी किंवा एकांकिकांसाठी स्वतःचा लाइटिंग डेस्क, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा नियंत्रक, घ्यायला निघते, तेव्हा दुकानात 'किती चॅनलचा हवा?' हा प्रश्न सर्वांत आधी येतो; चॅनल म्हणजे डेस्कवरून स्वतंत्रपणे बदलता येणारी एक पातळी. त्याच्याही आधी आपल्या नाटकातला प्रकाश कसा बदलतो, हे संहिता पुढे ठेवून पाहायला हवे. नाटकात एका प्रवेशातून दुसऱ्या प्रवेशात जाताना प्रकाश बहुधा संथपणे, प्रेक्षकाच्या लक्षातही न येता बदलावा लागतो. हे काम ज्या डेस्कवर नीट होत नाही, तो कितीही चॅनलचा असला तरी नाटकाच्या कामाचा नाही.

चॅनलचा हिशेब मात्र कागदावर करावाच. डेस्कवरून दिव्यांना आज्ञा पाठवण्याची डीएमएक्स ५१२ ही पद्धत १९८६ साली अमेरिकेत ठरली आणि तिच्या एका लाइनवर ५१२ चॅनल चालतात. डिमरवरच्या (दिव्याची वीज कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावरच्या) प्रत्येक हॅलोजन स्पॉटला एक चॅनल पुरतो, पण एका एलईडी पारला (रंग बदलणाऱ्या दिव्याला) त्याच्या मोडनुसार सात-आठ चॅनल लागू शकतात. बारा स्पॉट आणि सात चॅनलच्या मोडवरचे आठ पार धरले, तरी बेरीज ६८ होते. छोट्या नाटकाला यापेक्षा फारसे जास्त लागत नाही.

सर्वांत स्वस्त मिळतो तो १९२ चॅनलचा डेस्क, आणि खरी गफलत इथेच होते. तो मुळात ऑर्केस्ट्रा आणि डीजेच्या दिव्यांसाठी बनवलेला आहे. त्यात बारा उपकरणांना प्रत्येकी सोळा चॅनल अशी वाटणी असते, म्हणून दिव्यांचे पत्ते (त्यांच्या पहिल्या चॅनलचे क्रमांक) १, १७, ३३, ४९ असे लावावे लागतात; समोर स्लायडर मात्र आठच असतात. म्हणजे बारा स्पॉट एकाच वेळी हाताखाली येत नाहीत, पान बदलावे लागते. शिवाय प्रत्येक प्रसंगासोबत त्याची स्वतंत्र फेडवेळ (उजेड हळूहळू बदलायला लागणारा वेळ) बहुधा साठवता येत नाही. नृत्याच्या कार्यक्रमाला हा डेस्क उत्तम चालतो, परंतु गंभीर दोन अंकी नाटकासाठी मी तो सुचवणार नाही.

कोणताही डेस्क घेण्याआधी आपला स्वतःचा एक एलईडी पार दुकानात न्यावा, तीस सेकंदांचा फेड-आऊट लावायला सांगावा आणि शेवटचे तीन सेकंद दिव्याकडे न पाहता भिंतीवरच्या उजेडाकडे पाहावे. साध्या चॅनलला शून्य ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. त्यांतल्या शेवटच्या दहा टक्क्यांत जेमतेम पंचवीस उरतात, आणि त्या डोळ्यांना टप्प्याटप्प्याने जाणवू शकतात. हॅलोजनची तार हळूहळू थंड होते, त्यामुळे तिथे हा दोष झाकला जातो. काही पार ही उतरण स्वतःच मऊ करतात, म्हणून डेस्क आणि दिवा यांची परीक्षा एकत्रच घ्यावी.

संस्थेकडे फक्त डिमर आणि हॅलोजन असतील, तर बारा किंवा चोवीस चॅनलचा दोन प्रीसेटचा डेस्क पुरेसा आहे. वरच्या ओळीत चालू प्रवेश, खालच्या ओळीत पुढचा, आणि क्रॉसफेडरने एकातून दुसऱ्यात जायचे. नवा ऑपरेटर हे एका तालमीत शिकतो. रंगीत एलईडी वाढवायचे असतील, तर लॅपटॉपचा मार्ग मला सर्वांत समंजस वाटतो. क्यूएलसी प्लस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात प्रत्येक क्यूला (साठवलेल्या प्रकाशबदलाला) स्वतंत्र फेडवेळ देता येते आणि स्लायडरची छोटी मिडी पट्टीही जोडता येते. खर्च होतो तो लॅपटॉप डीएमएक्स लाइनला जोडणाऱ्या यूएसबी डीएमएक्स इंटरफेसवर, आणि तिथे काटकसर करू नये: अगदी स्वस्त इंटरफेस सिग्नलच्या वेळेसाठी लॅपटॉपवर अवलंबून असतो आणि लॅपटॉप अडखळला की दिवाही थरथरू शकतो, तर स्वतःचा प्रोसेसर असलेला इंटरफेस स्थिर चालतो. प्रयोगाच्या दिवशी लॅपटॉपचे स्लीप, अपडेट आणि नोटिफिकेशन बंद ठेवावेत.

कालिदास कलामंदिर असो वा सायखेडकर नाट्यगृह, प्रयोगाआधी तिथल्या तंत्रज्ञांना भेटून कंट्रोल रूमपासून रंगमंचापर्यंत डीएमएक्स लाइन आहे का, डिमर ती पद्धत घेतात का आणि जोडणी तीन पिनची आहे की पाच पिनची, हे विचारून घ्यावे. मूळ मानकात पाच पिन आहेत, स्वस्त दिव्यांवर बहुधा तीन असतात; म्हणून दोन्ही बाजूंचे अडॅप्टर पेटीत हवेत. माइकची केबल वापरू नये, कारण ती डीएमएक्ससाठी बनवलेली नसते आणि लांब अंतरावर दिवे मध्येच लुकलुकू लागतात. शेवटच्या दिव्यात १२० ओहमचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला लावायचा रोधक) लावावा. वीज गेल्यास डेस्क बंद पडून पुन्हा सुरू होऊ नये यासाठी एक लहान यूपीएसही खरेदीच्या अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावा.