बायकांच्या आरोग्यावर परिसंवाद घ्यायचाय? कोल्हापूरवाल्यांसाठी थोडं

आधी तारीख. जुलै-ऑगस्टला पंचगंगा कधी पात्राबाहेर येईल सांगता येत नाही, शिरोळकडच्या आशा सेविका (गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या) अडकल्या की अर्धा हॉल मोकळा, आणि नवरात्रात अंबाबाईच्या गर्दीत तर पार्किंगचं नावच काढू नका. हॉल म्हणाल तर दसरा चौकातलं शाहू स्मारक बघा.

विषय एकच घ्या. आम्ही पहिल्या वेळी पाळीपासून कॅन्सरपर्यंत सगळं कोंबलं, लोक जेवल्यावर गायबच की. नुसता अ‍ॅनिमिया घेतला तरी दिवस पुरत नाही, एनएफएचएस-५ म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी निघालं, मग लोहाच्या गोळ्या मिळूनबी खाल्ल्या का जात नाहीत हे विचारा, रिसर्चचा प्रश्न तिथंच सापडतोय. पोस्टर मराठीत करायला लावा. पेशंटचा डेटा असेल तर एथिक्स कमिटीची (अभ्यासात पेशंटवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची) परवानगी आधी, अभ्यास झाल्यावर नाही.

प्रश्नांसाठी माईक फिरवू नका, कोण बोलणार सगळ्यांसमोर? चपलांचा रिकामा बॉक्स ठेवा, कोऱ्या चिठ्ठ्या, नाव नको. आमच्याकडं एकीनं लिहिलेलं, "गोळी खाल्ली की शी काळी होते म्हणून बंद केली". डॉक्टर मॅडमनी भाषण बाजूला ठेवून त्यावरच वीस मिनिटं घेतली, लोहामुळं तसं होतंच, घाबरायचं नाही, फक्त चहाबरोबर गोळी घेऊ नका.