शेडमध्ये उभ्या जुन्या पिकअपचं ऑइल पाऊस सुरू व्हायच्या आत बदला

पाऊस तोंडावर आला आहे. बियाणं, खतं, औजारं यांची जमवाजमव चालू असेल, तरी त्यातून अर्धा दिवस काढा आणि शेडमधल्या पिकअपखाली जा. गेल्या वर्षी भरलेलं ऑइल अजून तिच्या पोटात असेल तर ते याच आठवड्यात काढा. गाडी वर्षभरात पाचशे किलोमीटर चालली असो की पन्नास, ऑइल काढा.

हे मी दर हंगामात सांगतो आणि दर हंगामात एकच उत्तर ऐकतो, "गाडी चाललीच कुठे? ऑइल अजून कोरं आहे." याच एका समजुतीपायी तोडलेला, निवडलेला, क्रेटमध्ये भरलेला माल रस्त्याच्या कडेला खराब होताना मी अनेकदा पाहिला आहे. कीड पडली, गारपीट झाली तर माणूस निदान मनाची समजूत तरी घालतो. पीक हातात आल्यावर गाडीपायी गेलं तर ते फार लागतं.

एक प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. आठ महिने शेडमध्ये उभी असलेली डिझेल पिकअप. मधल्या काळात तिचं काम एवढंच, शेडपासून विहिरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. काढणीच्या दिवशी पहाटे माल भरला, गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली, सगळे खूश. पहिल्याच चढाला ऑइलचा दिवा लुकलुकला. चालवणाऱ्याला वाटलं वायर ढिली असेल. दोन वळणं पुढे गेल्यावर इंजिनातून ठोके यायला लागले आणि गाडी जागीच थांबली. दुसरी गाडी मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. दिवसभर उन्हात झाकून ठेवलेल्या क्रेटांतून पाणी गळत होतं. नंतर चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइल साठायची टाकी, खोललं तेव्हा मी तिथेच होतो. तळाला ओल्या साबणासारखा पिवळट थर होता, ऑइल ओढणारी जाळी त्याने जवळजवळ बुजली होती आणि कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग खरवडून तांब्याचा रंग वर आला होता. त्या इंजिनात कंपनीचं चांगलं, महागडं ऑइल होतं. फक्त ते तीन वर्षांपूर्वीचं होतं.

उभ्या गाडीत ऑइल का बिघडतं, ते एकदा नीट समजून घ्या. एक लिटर डिझेल किंवा पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरते, आणि जुन्या इंजिनात रिंगा झिजल्यामुळे जास्तच उतरते. गाडी तासभर पळाली तर ऑइल तापतं आणि ती वाफ ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या हवा सोडायच्या नळीतून, निघून जाते. विहिरीपर्यंतच्या फेरीत इंजिन कोमट होतं न होतं तोच बंद होतं. वाफ आतल्या थंड लोखंडावर धरते, थेंब होऊन ऑइलमध्ये मिसळते. त्यात जळणाचे अंश मिसळले की आम्ल तयार होतं. ते आम्ल मारायला ऑइलमध्ये अल्कली घातलेली असते, डब्याच्या माहितीपत्रकात तिला टीबीएन म्हणतात. डिझेलच्या चांगल्या ऑइलमध्ये नवं असताना ती साधारण १० असते आणि हळूहळू संपत जाते. ती संपली की गाडी शेडमध्ये गप्प उभी असतानाही आम्ल बेअरिंग खात राहतं. पावसाळ्यात हवेतला दमट गारवा त्यात भर घालतो. म्हणून ऑइल बदलायचं ते गाडी उभी ठेवण्याच्या आधी. पावसाळाभर घाण ऑइलवर उभी ठेवून काढणीच्या तोंडावर नवं भरलं, तर मधल्या चार महिन्यांत बेअरिंगचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आता गाडीकडे जा आणि पाहा. ऑइल भरायची टोपी उघडा. आतल्या बाजूला पिवळट-पांढरा लोण्यासारखा थर असेल आणि ऑइल मोजायच्या पट्टीवरचं ऑइल मात्र स्वच्छ काळं असेल, तर तो कमी फिरवल्याचा ओलावा आहे. ऑइल बदलून गाडी लांब फिरवली की जातो. पट्टीवरचं ऑइलही दुधट दिसत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलं असण्याची शक्यता आहे. तेव्हा नुसतं ऑइल बदलून भागणार नाही, गाडी चालवू नका, मिस्त्रीला दाखवा. पट्टीवर पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर जळण खाली उतरतं आहे, तेही आधी पाहायला हवं.

पाणी आहे की नाही याची आणखी एक जुनी परीक्षा आहे. मोकळ्या जागी, कडबा आणि डिझेलपासून दूर, जाड लोखंडी पट्टी तापवा आणि काडीने ऑइलचा एक थेंब तिच्यावर सोडा. शुद्ध ऑइल नुसतं धुरतं. पाणी असेल तर थेंब तडतडतो. तोंड लांब ठेवा.

आता कोणतं ऑइल घ्यायचं. गाडीचं पुस्तक असेल तर त्यातला ग्रेड आणि वर्ग हाच शेवटचा शब्द. पुस्तक हरवलं असेल तर जुन्या, साध्या यांत्रिक डिझेल पंपाच्या पिकअपला उष्ण आणि समशीतोष्ण हवेत १५डब्ल्यू-४० मिनरल ऑइल बहुतेक वेळा बरोबर बसतं. डब्यावर एपीआयचा, म्हणजे ऑइलची प्रत ठरवणाऱ्या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा, वर्ग सीएच-४ किंवा सीआय-४ असावा. सीएच-४ हा १९९८ चा वर्ग, सीआय-४ २००२ चा, आणि अलीकडचा सीके-४ २०१६ चा. सीके-४ मिळालं तरी जुन्या इंजिनाला चालतं, पण त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचं कारण नाही. एफए-४ लिहिलेलं मात्र घेऊ नका, ते नव्या इंजिनांसाठी केलेलं पातळ ऑइल आहे.

ग्रेडमधला पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा तापल्यावर किती घट्ट राहतं ते. "इंजिन जुनं आहे, जाड ऑइल घाला" हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि कधीतरी चालणाऱ्या गाडीला तो सरसकट लावू नये. महिनाभर उभ्या इंजिनात वरच्या भागातलं ऑइल निथळून खाली आलेलं असतं. सुरू करताना ते पुन्हा वर पोचेपर्यंत लोखंड लोखंडावर घासतं, आणि ऑइल जितकं जाड तितका तो वेळ लांबतो. इंजिन तापल्यावर दिवा लुकलुकत असेल, ऑइल पीत असेल, हवा कडक उन्हाची असेल आणि पुस्तकात परवानगी असेल, तरच २०डब्ल्यू-५० कडे वळा. एरवी ४० पुरे.

पेट्रोल पिकअप असेल तर एक बारकावा. जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणारा कॅम थेट सपाट टॅपेटवर घासतो आणि त्याला झिंक-फॉस्फरसचं संरक्षण लागतं. २००४ पासूनच्या पेट्रोल वर्गांत पातळ ग्रेडमधलं फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर आणलं गेलं, सायलेन्सरच्या नळीतला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकावा म्हणून. त्यामुळे नव्या मोटारीचं ५डब्ल्यू-३० अशा इंजिनाला उपकार करत नाही. सीआय-४ आणि एसएल (हा एपीआयचा जुना पेट्रोल वर्ग) दोन्ही लिहिलेलं १५डब्ल्यू-४० इथे जास्त भरवशाचं.

घरच्या ट्रॅक्टरच्या इंजिनासाठी आणलेलं १५डब्ल्यू-४०, सीएच-४ किंवा सीआय-४ वर्गाचं ऑइल शिल्लक असेल तर तेच डिझेल पिकअपला घाला. वेगळा डबा लागत नाही. पण ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्सचं ऑइल, ज्यावर यूटीटीओ लिहिलेलं असतं, ते इंजिनात कधीही ओतू नका. डबे सारखे दिसतात आणि घाईत नेमकी हीच चूक होते.

दुकानात गेल्यावर काय होतं तेही सांगतो. तुम्ही जुन्या गाडीचं नाव काढलं की समोर फुल सिंथेटिक येतं, त्याबरोबर इंजिन फ्लशची बाटली, वर घर्षण कमी करणाऱ्या औषधाची बाटली, गळती थांबवणारी आणखी एक. सिंथेटिक ऑइल वाईट नाही, कडाक्याच्या थंडीत त्याचा उपयोगही आहे. पण पाणी आणि आम्ल त्यातही साठतंच. आणि घात असा होतो की महागाचं घातलं म्हणून माणूस ते दोन-तीन वर्षं बदलत नाही. त्या काढणीच्या दिवशी बसलेल्या इंजिनाचं अगदी हेच झालं होतं. योग्य वर्गाचं साधं मिनरल ऑइल दरवर्षी पावसाआधी बदला. बाटल्यांचे पैसे फिल्टरवर घाला. फ्लशला तर माझा स्पष्ट विरोध आहे. जुन्या इंजिनात वर्षानुवर्षं बसलेला गाळ एकदम सुटला की तो सरळ जाळीवर येऊन बसतो. आत खूप घाण असेल तर साधंच ऑइल घालून पाचशे-सातशे किलोमीटरवर पुन्हा एकदा फिल्टरसह बदला. घाण हळूहळू निघते.

डबा घेताना सील पाहा, झाकणाची कडी तुटलेली असेल तर परत द्या. सुटं ऑइल घेऊ नका. शेडमधला गेल्या वर्षीचा अर्धा उघडा डबा इंजिनासाठी वापरू नका, बिजागऱ्या आणि साखळ्यांना वापरा.

बदलताना:

- गाडी अर्धा तास फिरवून आणा, गरम असतानाच ऑइल काढा
- सपाट जागा, चाकांना दगड, हात आणि तोंड सांभाळून
- ड्रेन नटचा वॉशर नवा
- पूर्ण निथळू द्या, किमान वीस मिनिटं
- नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट, टेकल्यावर हातानेच पाऊण फेरी
- पुस्तकातल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करून दहा मिनिटांनी पट्टी पाहा, मग वरच्या खुणेपर्यंत
- वरच्या खुणेच्या पुढे नाही, जादा ऑइलला फिरणारा क्रँक फेस आणतो आणि ऑइलचा दाब कमी होतो
- तारीख आणि ग्रेड खडूने किंवा चिकटपट्टीवर लिहून बॉनेटच्या आत

बाकीची कामं:

- बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा
- डिझेल टाकी भरून ठेवा
- टायरची हवा
- एअर फिल्टरमध्ये उंदरांचं घरटं आहे का
- रेडिएटरचं कूलंट
- ब्रेक ऑइल

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर एक वाईट सवय सोडा. रोज किंवा आठवड्याला पाच मिनिटं गाडी सुरू करून बंद करण्याने बॅटरी जेमतेम भरते आणि चेंबरमध्ये पाणी साठतं. एकतर सुरूच करू नका, किंवा महिन्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर चालवा. पाण्याचा काटा वर आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, ऑइलला आणखी दहा-पंधरा मिनिटं लागतात. डिझेल इंजिन जागेवर चालवून नीट तापतच नाही.

वर्षातून एकदा बदला हे किमान. गाडीच्या फेऱ्या फक्त शेतातल्या शेतात असतील तर मी दोनदा बदलायला सांगतो, पावसाआधी आणि काढणी संपल्यावर. पुस्तकंही जवळच्या फेऱ्यांना खडतर वापर धरतात आणि मुदत निम्मी करतात. आणखी एक गोष्ट माझ्या पाहण्यातली, तिला आधार फक्त अनुभवाचा. शेडची जमीन उघड्या मातीची असेल तर टोपीखालचा थर लवकर धरतो. जाड प्लास्टिक अंथरून वर फळ्या टाकल्या तिथे तो कमी दिसला. करून पाहायला काही जात नाही.

काढणीच्या आदल्या दिवशी, भरायच्या सकाळी नव्हे, गाडी जागी करा. आधी पट्टी पाहा. जुन्या डिझेल गाडीत इंजिन बंद करायची दांडी असते. ती ओढून धरा आणि दहा सेकंद सेल्फ मारा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा मारा. ऑइलचा दिवा विझला की दांडी सोडा आणि मग सुरू करा. पेट्रोल गाडीत हेच काम मिस्त्रीकडून इग्निशन सोडवून करून घ्या. सुरू झाल्यावर लगेच रेस देऊ नका. रिकामी गाडी अर्धा तास पळवा, परत येऊन खाली कागद टाका आणि रात्रभर ठेवा, गळती असेल तर सकाळी डाग सांगेल. रस्त्यात ऑइलचा दिवा लागला तर "पुढच्या वळणावर पाहू" म्हणू नका. त्याच जागी इंजिन बंद करा. तेवढ्याने बेअरिंग वाचतं आणि माल दुसऱ्या गाडीत घालायला वेळही मिळतो.

काढलेलं काळं ऑइल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. तण मारायला किंवा झाडाच्या खोडाला फासायलाही वापरू नका, त्यात जड धातू आणि जळणाचे विषारी अंश असतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं राहतात. झाकणाच्या डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या. आणि ज्या बादलीत, नरसाळ्यात ते काढलंत, ती फवारणीच्या सामानापासून वेगळी टांगा. तिच्यावर रंगाने खूण करा.