दोन वर्षांच्या एम.सी.ए.चा खर्च आणि मोबदला : माझ्या वहीतील हिशेब

एम.सी.ए. (संगणक उपयोजनातील पदव्युत्तर शिक्षण) पूर्वी तीन वर्षांचे होते. २०२०-२१ पासून ते दोन वर्षांचे झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी, लातूरमधील एका दुकानात हिशेब लिहिण्याची १२,००० रुपये पगाराची नोकरी सोडून मी राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेमार्फत पुण्यातील एका विनाअनुदानित महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेव्हा घरात चर्चा झाली ती केवळ शुल्काची. खरा खर्च कुठे होता, हे वहीत आकडे मांडल्यावरच लक्षात आले, आणि दुर्दैवाने ती वही मी प्रवेशानंतर उघडली.

वर्षाचे शुल्क ९५,००० रुपये, म्हणजे दोन वर्षांचे १,९०,०००. खोली व मेस मिळून महिन्याला ९,००० रुपये धरले तर बावीस महिन्यांचे १,९८,०००. लॅपटॉप ४८,०००. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. परंतु पहिल्या वर्षी उत्पन्नाचा दाखला काढायला मीच उशीर केला आणि मुदत हुकली, त्यामुळे दुसऱ्या वर्षाचेच ४०,००० रुपये मिळाले. ते वजा जाता उरतात ३,९६,०००. यात सोडलेल्या नोकरीचा चोवीस महिन्यांचा पगार, २,८८,००० रुपये, मिळवावा लागतो. हा आकडा कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो, म्हणून तो सहसा कोणी धरत नाही. माझ्या बाबतीत तो एकट्या शुल्काहून मोठा ठरला.

माझी पदवी गणितातील होती, म्हणून पहिल्या सत्रात पूरक विषयही करावे लागले. शिकण्याबद्दल फार तक्रार नाही. डेटा स्ट्रक्चर्स आणि डेटाबेस नीट शिकवले गेले. मात्र चौथ्या सत्राच्या प्रकल्पासाठी वर्गातील निम्म्या मुलांनी तयार प्रकल्प विकत आणले. मुलाखतीत ‘हा टेबल दोन भागांत का तोडला?’ एवढ्या एका प्रश्नावर त्यांतले कितीतरी जण गप्प झाले. माझा प्रकल्प साधाच होता, दुकानातील उधारीच्या वहीचा; पण त्यातील प्रत्येक ओळ माझी असल्यामुळे मी अर्धा तास बोलू शकलो.

त्या मुलाखतीपर्यंत पोहोचणेच अवघड होते. कॅम्पसवर येणाऱ्या बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत ६० टक्के मागतात. बारावीला मला ५७ होते, आणि एम.सी.ए.मध्ये कितीही गुण मिळवले तरी ते ५७ बदलणार नव्हते. ही अट मला प्रवेशाच्या आधी कोणी सांगितली असती, तर निदान मी महाविद्यालय निवडताना वेगळे प्रश्न विचारले असते. ‘सर्वाधिक पॅकेज किती?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. गेल्या वर्षी किती जण पात्र ठरले, किती निवडले गेले आणि त्यांतले किती प्रत्यक्ष रुजू झाले, हे मागच्या तुकडीतील मुलांना गाठून विचारावे.

मला मिळालेले पॅकेज वार्षिक ३,६०,००० रुपयांचे होते. आईने त्याला बाराने भागून तीस हजार हा आकडा नातेवाइकांना सांगूनही टाकला. प्रत्यक्षात मूळ पगार १५,०००. त्या तीस हजारांतून भविष्यनिर्वाह निधीचे कंपनीचे १,८०० आणि माझे १,८००, ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२०, व्यवसाय कराचे २००, आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग वजा. हातात आले २४,०००. त्यातही २०२३ मध्ये भरती मंदावल्यामुळे रुजू होण्याची तारीख सहा महिने पुढे गेली. त्या काळातील आणखी ७२,००० मी वहीत खर्चाच्या बाजूला लिहिले. एकूण ७,५६,०००.

शैक्षणिक कर्ज तीन लाखांचे होते. साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभर हप्ता लागत नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. वडील ते दरमहा भरत राहिले, म्हणून मुद्दल वाढले नाही. दहा टक्के दराने पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे ६,४०० बसतो. व्याजावर आयकरात मिळणाऱ्या सवलतीचे कौतुक बरेच जण करतात, परंतु सुरुवातीच्या पगारावर करच लागत नसेल तर तिचा उपयोग काय?

पुण्यात राहण्याचे ११,००० वजा केले की पहिल्या नोकरीत माझ्याकडे १३,००० उरत, म्हणजे लातूरला घरी राहून जेवढे उरले असते जवळजवळ तेवढेच. अठरा महिन्यांचा करार संपल्यावर नोकरी बदलली, हातात ४१,००० येऊ लागले, आणि तिथून खरा मोबदला सुरू झाला. लातूरचा पगार एव्हाना १५,००० झाला असता असे मानले आणि पुण्याचा खर्च १२,००० धरला, तर महिन्याला १४,००० चा फरक पडतो. या गतीने ७,५६,००० भरून निघायला साडेचार वर्षे लागतील, व्याज सोडून.

नोकरी सोडणे ज्यांना परवडणारच नाही, त्यांनी इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) दूरशिक्षणातील एम.सी.ए.चा विचार करावा. तिथे कॅम्पस मुलाखतींवर विसंबता येत नाही, पण बुडालेल्या पगाराची ओळ वहीतून जाते. मुलींचा हिशेब तर आता फारच बदलला आहे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना केंद्रीभूत प्रवेश फेरीतून आल्यास शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास ही सवलत मिळत नाही. माझी मावसबहीण यंदा सीईटी देणार आहे. तिला मी दोनच कामे सांगितली आहेत : तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवणे, आणि फेरी संपण्याआधी कोणी ‘जागा पक्की करून देतो’ म्हणाले तरी पैसे न भरणे.