बंद पडलेल्या मालगाडीच्या फाट्याचा माग कसा काढावा

शहरात कुठेतरी डांबरातून रुळाचा तुकडा डोकावतो आणि गंजलेलं फाटक दिसतं. इथून मालगाड्या कुठे जायच्या, हे शोधायचं असेल तर आधी रेल्वे बाजूला ठेवा आणि मालाचा पाठलाग करा. फाटा, म्हणजे मुख्य मार्गातून फुटलेली लाइन, कुणाच्या तरी मालासाठीच टाकलेला असतो.

मुंबई बंदराची रेल्वे घ्या. १९१५ साली सुरू झालेली ही लाइन वडाळ्याकडून गोद्यांच्या कडेने बॅलार्ड पिअरपर्यंत जायची. कोलाब्याचा कापूस बाजार शिवडीकडे हलला आणि तिथली गुदामं या रेल्वेला जोडली गेली. कापूस, धान्य, कोळसा असा एकेक माल धरा, म्हणजे कुठला फाटा का होता ते उलगडत जातं.

मग जुना नकाशा आणि उपग्रहचित्र शेजारी ठेवा. रस्ता काटकोनात वळतो, रुळांना मात्र लांबलचक वळण लागतं. सरळ गल्ल्यांच्या वस्तीत एखादी कंपाउंडची भिंत धनुष्यासारखी वाकलेली दिसली, तर तिथे खूण करा.

कागदपत्रं शोधताना जुनी नावं हाताशी हवीतच. आजचा पी. डिमेलो रोड पूर्वी फ्रियर रोड होता आणि इंदिरा गोदी अलेक्झांड्रा डॉक. पोर्ट ट्रस्टचे वार्षिक अहवाल वाचा, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात चौकशी करा. इंटरनेटवर शोधाल तर बहुतेक वेळा १९२८ ची फ्रंटियर मेल ही प्रवासी गाडी आणि बोटीतून उतरणारे साहेबच समोर येतात. गंमत म्हणून वाचा, पण वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, त्यात सापडणार नाहीत.

प्रत्यक्ष जागेवर रुळाचा उभा भाग बघा. त्यावर बऱ्याचदा कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढलात तर गंजातूनही अक्षरं वाचता येतात. मात्र ते साल रूळ कारखान्यात तयार झाल्याचं, लाइन टाकल्याचं नव्हे. मुख्य मार्गावरून उतरवलेले जुने रूळ सायडिंगला, म्हणजे अशा फाट्यांना, वापरायची पद्धत होती, त्यामुळे रूळ लाइनपेक्षा म्हातारा निघू शकतो. हे सगळं रस्त्यावरून किंवा परवानगी काढून करा. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि बंदराचा पहाराही कडक असतो.

शेवटी माणसं गाठा: माथाडी, मुकादम, सांधेवाले (रुळांचे सांधे बदलणारे). ‘काका, लाइन कधी बंद झाली?’ असं विचारलंत तर अंदाजपंचे साल मिळेल. त्याऐवजी ‘शेवटी कुठला माल उतरवलात?’ असं विचारा. गिरणी संपाच्या आधी की नंतर, न्हावाशेवा सुरू झालं तेव्हा वाघिणी येत होत्या का, हेही विचारा. संप १९८२ चा, न्हावाशेवा बंदर १९८९ चं. या दोन खुंट्यांवर बरंच काही टांगता येतं.

बंद झाल्याची तारीख म्हणून एकच रकाना ठेवू नका. शेवटची वाघीण, कागदोपत्री बंद होणं, रूळ उखडणं आणि जमिनीचा नवा वापर यांत कित्येक वर्षांचं अंतर पडू शकतं. चार रकाने आखा, आणि जो भरता येणार नाही तो कोराच राहू द्या.