खालच्या कक्षेतलं भारित कणांचं मापन: या चुका टाळा

पृथ्वीच्या खालच्या कक्षेत प्लाझ्मा (मोकळे इलेक्ट्रॉन आणि आयन यांचा वायू) दाट आणि थंड असतो, म्हणून तिथे उपग्रहावर फारसा विद्युतभार साचत नाही, हे पाठ्यपुस्तकातलं उत्तर. बहुतेक वेळा ते खरंही असतं. साधा उपग्रह भोवतालच्या प्लाझ्माच्या मानाने उणे एखाद्या व्होल्टच्या आसपास स्थिरावतो. घोळ होतो तो हा व्होल्ट शून्य धरल्यामुळे. तिथल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान जेमतेम ०.१ ते ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट! मोजायच्या गोष्टीपेक्षा शून्याची चूकच मोठी.

याचा सगळ्यात मोठा फटका छोट्या उपग्रहावरच्या लँगम्युअर प्रोबला बसतो. हा म्हणजे प्लाझ्मात धरलेला धातूचा तुकडा; त्याचं व्होल्टेज पायरीपायरीने बदलत (हाच स्वीप) प्रवाह मोजतात आणि त्या आलेखावरून इलेक्ट्रॉनांचं तापमान काढतात. प्रोबला धन व्होल्टेज दिलं की तो इलेक्ट्रॉन ओढतो. तो प्रवाह भरून काढायला उपग्रहाच्या उघड्या धातूवर तेवढेच आयन पडावे लागतात, आणि आयन जड आणि मंद. धातू अपुरा पडला की अख्खा उपग्रहच ऋण होत जातो. तुमच्या लेखी प्रोबवर +५ व्होल्ट असतात. प्लाझ्माच्या मानाने ते कितीतरी कमी असतात. आलेख आडवा ताणला जातो आणि इलेक्ट्रॉनांचं तापमान फुगून येतं. शहानिशा सोपी आहे: दुसरा एक प्रोब तरंगता (कशालाही न जोडलेला) ठेवा आणि स्वीप चालू असताना चेसिसच्या, म्हणजे उपग्रहाच्या सांगाड्याच्या, मानाने त्याचं वाचन सरकतंय का ते पाहा. सरकत असेल तर प्रोब लहान करा किंवा उघडा धातू वाढवा. तो क्षेत्रफळाने प्रोबच्या हजारपट तरी असलेला बरा. अ‍ॅनोडाइझ केलेलं अ‍ॅल्युमिनियम या हिशेबात धरू नका, तो थर विद्युतरोधक असतो. ही चूक कागदावरच्या आराखड्यात दिसतच नाही.

चढता आणि उतरता स्वीप जुळत नसेल, तर आधी प्रोबच्या पृष्ठभागावरच्या मळाचा संशय घ्या.

सौरपट्ट्यांचं उणे टोक सांगाड्याला जोडलं, तर पट्ट्यांवरचे उघडे धन जोड इलेक्ट्रॉन खेचतात आणि सांगाडा ऋण होतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या पट्ट्या १६० व्होल्टच्या. सांगाडा शंभराहून जास्त व्होल्टने ऋण जाईल या भीतीने तिथे झेनॉनचा प्लाझ्मा सोडणारी उपकरणं बसवली गेली.

ध्रुवीय कक्षेत मात्र गणित बदलतं. अंधार, विरळ प्लाझ्मा आणि ऑरोराच्या (ध्रुवीय प्रकाशाच्या) जोरदार इलेक्ट्रॉनांचा मारा एकत्र आला की सुमारे ८४० किलोमीटरवरचे डीएमएसपी हे अमेरिकी लष्करी हवामान उपग्रह शेकडो व्होल्टने ऋण झालेले आढळले आहेत. अशा वेळी आयनांच्या वर्णपटात (कोणत्या ऊर्जेचे किती आयन आले त्या आलेखात) एक अरुंद, ठळक रेघ उमटते आणि तिच्याखालच्या ऊर्जांवर जवळपास काहीच नसतं. ही रेघ गोंगाट समजून पुसू नका. उपग्रह उणे ५०० व्होल्टवर असेल तर बाहेरचे थंड आयन ५०० इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळवूनच आत येतात, त्यामुळे रेघेची जागा हेच उपग्रहाचं व्होल्टेज. इलेक्ट्रॉन उलट तेवढी ऊर्जा गमावतात. दुरुस्ती करताना नुसता ऊर्जेचा अक्ष सरकवून भागत नाही. प्रावस्था-अवकाशातली (स्थान आणि वेग मिळून होणाऱ्या अवकाशातली) कणांची घनता कायम ठेवून फ्लक्स, म्हणजे कणांचा ओघ, हाही नव्याने काढावा लागतो.

उपग्रहाच्या वेगामुळेच ऑक्सिजनचे आयन समोरून सुमारे ५ इलेक्ट्रॉनव्होल्टने येतात. त्यांना वेगळा आयनझोत समजू नका. मागच्या बाजूच्या सावलीत बसवलेल्या डिटेक्टरला आयन जवळजवळ मिळत नाहीत, हे जागा ठरवतानाच पाहायचं.

सगळ्या ऊर्जा-चॅनेलांत काउंट (मोजलेले कण) एकदम सारखे चढले तर ते कुठे चढले याचा नकाशा काढा. दक्षिण अटलांटिक विसंगतीवर (पृथ्वीचं चुंबकक्षेत्र जिथे कमकुवत आहे त्या भागावर) ते चढत असतील तर डिटेक्टरची भिंत भेदून आलेले प्रोटॉन. सूर्याच्या कोनाबरोबर चढत-उतरत असतील तर अतिनील प्रकाश.